सिक्युरिटीच्या परवान्याविषयी विचारलेत म्हणून

तुमच्या पत्नीला इंग्लंडमधल्या लीड्सच्या रुग्णालयात नर्सची नोकरी मिळाली आहे, तुम्ही डिपेंडंट व्हिसावर तिच्यासोबत येणार आहात आणि इथे सिक्युरिटी गार्डचा परवाना काढावा असे तुमच्या मनात आहे. तो परवाना किती अवघड आहे, स्पर्धा परीक्षेत आणि नंतर पतसंस्थेत गेलेली वर्षे त्यात आडवी येतील का, आणि या कामात माणूस टिकतो का, असे तुम्ही विचारले आहे. मीही पत्नीच्या व्हिसावरच आलो आणि हेच काम करतो, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला जमले नाही.

शुल्क, वयाची अट, अर्जाचे टप्पे हे सगळे परवाना देणाऱ्या सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटीच्या, म्हणजे एसआयएच्या, संकेतस्थळावर नीट दिलेले आहे. ही संस्था २००१ च्या कायद्याने निर्माण झाली. २०२३ मध्ये परवान्याचे शुल्क १८४ पौंड झाले, आणि परवाना तीन वर्षे चालतो. त्यात माझी भर एवढीच, की नुसत्या गार्डचा परवाना न काढता डोअर सुपरवायझरचा, म्हणजे पब-क्लबच्या दारावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा, काढा. शुल्क तेच आहे आणि त्यावर गार्डचे कामही करता येते. दुसरे असे, की गार्डच्या नोकरीवर इथे कामाचा व्हिसा मिळत नाही. तुम्हाला पत्नीच्या व्हिसावर काम करण्याची मुभा आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न सुटलेला आहे; पण तुम्ही इथे पोहोचल्यावर गावाकडून मित्र आणि आतेभाऊ विचारू लागतील, तेव्हा व्हिसासकट गार्डची नोकरी देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात त्यांनी एक रुपयाही ठेवू नये, हे त्यांना स्पष्ट सांगा.

खरी अडचण परीक्षेची नाही, गेल्या पाच वर्षांची आहे. त्या पाच वर्षांत तुम्ही ज्या देशात सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त राहिला असाल, तिथले गुन्हेगारी नोंद नसल्याचे प्रमाणपत्र एसआयए मागते. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे हे प्रमाणपत्र, म्हणजे पीसीसी, तिकडे असतानाच काढणे फार सोपे आहे. इथून काढायचे तर उच्चायुक्तालयाच्या व्यवस्थेतून जावे लागते आणि तेवढा काळ तुमचा अर्ज जागचा हलत नाही. परवाना हातात पडला म्हणजे संपले, असेही नाही. पुढे नोकरी देणारी कंपनी बीएस ७८५८ या मानकाप्रमाणे तुमची स्वतंत्र छाननी करते. गेल्या पाच वर्षांत तुम्ही कुठे होता याचा सलग पुरावा तिला लागतो, आणि एकतीस दिवसांपेक्षा मोठी पोकळी कोणत्या ना कोणत्या कागदाने भरावीच लागते.

आता पुण्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीसाठी घालवलेली दोन वर्षे कोणत्या कागदाने भरायची? माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. छाननी करणाऱ्या कंपनीतली बाई फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारत होती: त्या काळात तुम्ही नोकरीत होता, महाविद्यालयात होता, की बेरोजगार भत्ता घेत होता? नोकरी नाही, प्रवेश नाही, भत्ता नाही, आणि तरीही पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत माणूस एका खुर्चीवर बसलेला असतो, हे त्यांच्या अर्जातल्या कोणत्याच चौकटीत बसत नव्हते. मी पूर्व परीक्षेची प्रवेशपत्रे पाठवली, अभ्यासिकेच्या मासिक शुल्काच्या हाताने लिहिलेल्या पावत्या पाठवल्या. पावत्यांवर दूरध्वनी क्रमांक नाही म्हणून त्या परत आल्या. आयुष्यातला सर्वांत कष्टाचा काळ कोणीतरी ‘पोकळी’ म्हणून नोंदवतो, तेव्हा जो संताप येतो तो माझा अजून ओसरलेला नाही. शेवटी, नातेवाईक नसलेल्या आणि मला त्या काळात रोज पाहणाऱ्या एका माणसाचे सहीचे पत्र चालले.

नावाचाही प्रश्न येईल. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी छापलेले असते, पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी नावात मिसळलेले असते तर कधी नसतेच, आणि बँकेच्या खात्यावर तिसराच क्रम असतो. माझ्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर आडनावाच्या जागी वडिलांचे नाव छापले गेले आणि ते दुरुस्त होईपर्यंत मला परवान्याचा अर्ज भरता आला नाही. वर्गात पहिल्याच दिवशी नोंदणीचा कागद समोर येईल, तेव्हा पासपोर्ट उघडून त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवा.

प्रशिक्षण साधारण आठवडाभराचे असते आणि २०२१ च्या एप्रिलपासून त्याआधी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र घेणे सक्तीचे आहे. इंग्रजीची पातळी युरोपीय मोजपट्टीवरची बी-२, म्हणजे मध्यमाहून वरची, असावी लागते, आणि ती वर्गात बसवून घेण्यापूर्वी तपासली जाते. दीड-दोन दिवसांत सगळे उरकून देतो, उत्तरेही सांगतो, असे म्हणणारे वर्ग तुम्हाला भेटतील, आणि आपलीच माणसे त्यांचा पत्ता देतील. तिथे जाऊ नका. या प्रशिक्षणाबद्दल मी कळकळीने लिहितो आहे, कारण मी स्वतः ते कागद मिळवण्यापुरते समजून गेलो होतो आणि तिथे मला विचार करायला लावणारे पुष्कळ मिळाले.

गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात, हे तिथे पहिल्यांदा नीट कळले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या पोलीस कायद्याचे कलम २४-अ कोणत्याही सामान्य नागरिकाला गंभीर स्वरूपाचा गुन्हा करणाऱ्याला थांबवून ठेवण्याचा जो मर्यादित अधिकार देते, तेवढाच आपला. बाकी सगळे काम नजरेने, बोलण्याने आणि लिहिण्याने करायचे असते. चिडलेल्या माणसाशी किती अंतर ठेवून उभे राहायचे, हात कुठे ठेवायचे, त्याला बाहेर पडण्याचा रस्ता कसा मोकळा ठेवायचा, हे आमच्याकडून जोडीजोडीने करून घेतले.

एका दुपारी मँचेस्टर अरीना या मोठ्या कार्यक्रमगृहाचा विषय निघाला. २२ मे २०१७ रोजी तिथल्या बॉम्बस्फोटात २२ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे झालेल्या चौकशीत अठरा वर्षांच्या एका गार्डने सांगितले, की स्फोट घडवणाऱ्या माणसाला त्याआधी पाहून काहीतरी चुकते आहे असे त्याला वाटले होते, पण आपल्याला कोणी वर्णद्वेषी म्हणेल या भीतीने तो त्याला हटकायला गेला नाही. वर्गात आम्ही बहुतेक सारे सावळ्या-काळ्या कातडीचे, आणि दुकानांमधून गार्डची नजर आपल्या पाठीवर वागवलेले. त्या मुलाची भीती आणि आमचा अपमान या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे मला त्या दुपारी उमगले आणि त्याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही. मात्र संशय माणसाच्या रूपावर नव्हे, वागण्यावर घ्यायचा, आणि मनात आलेले लगेच वरिष्ठांना कळवायचे, एवढा नियम मी स्वतःपुरता पक्का केला. या घटनेतूनच सार्वजनिक जागांच्या सुरक्षेचा ‘मार्टिन्स लॉ’ आला, २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि त्याच महिन्यापासून परवान्याच्या नूतनीकरणासाठी उजळणीचा कोर्सही लागू झाला.

प्रत्यक्ष कामाचा कणा म्हणजे नोंदवही. काळ्या शाईने, चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे, मध्ये एकही ओळ कोरी न सोडता लिहायचे. चुकले तर एकच रेघ मारून शेजारी सही करायची, खाडाखोड चालत नाही. ‘०२:१०, पूर्वेकडील फायर एक्झिट अर्धवट उघडे आढळले, आत-बाहेर तपासले, बंद केले, कंट्रोल रूमला कळवले.’ अशी नोंद उद्या विम्याच्या दाव्यात किंवा न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहू शकते. ज्यांचा हात लिहिण्याला सरावलेला आहे, त्यांना हे काम लवकर साधते, आणि म्हणून तुमची स्पर्धा परीक्षेची वर्षे वाया गेली असे मी मुळीच म्हणणार नाही.

पाळ्या बारा तासांच्या असतात. पगार बहुतेक साइटवर किमान वेतनाच्या आसपास असतो, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ते ताशी १२.२१ पौंड झाले. नर्स आणि गार्ड अशा दोघांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या असल्या की मुलाला शाळेतून तीन-सव्वातीनला आणणार कोण, हे आधीच ठरवा. आमच्या घरी ते रात्रपाळी करून आलेल्या माणसावर, म्हणजे माझ्यावर, येते. शाळेचा विषय निघालाच आहे, तर एक सल सांगतो. मुलगी पहिलीत असताना वर्गात ‘आपल्याला मदत करणारी माणसे’ हा विषय होता. गणवेशात येऊन आपल्या कामाविषयी बोलतील का, असे पालकांना विचारले होते. मी नाव दिले. पत्नीला बोलावणे आले, एका मुलाच्या अग्निशमन दलातल्या वडिलांना आले. मला शिक्षिकेने फाटकापाशी गोड आवाजात सांगितले, की आता पुरेशी माणसे झाली आहेत. पुढच्या आठवड्यात आणखी एक पालक येऊन गेले. मुलीने घरी येऊन विचारले, “बाबा, तुझा बॅज खरा नाही का?” ती आता मोठी झाली आहे आणि तिला हे आठवतही नसेल. मला आठवते.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारले आहे. रात्री दर तासाला कंट्रोल रूमला फोन करून आपण सुखरूप असल्याचे कळवावे लागते. माणसाचा आवाज तेवढा ऐकू येतो आणि तेवढ्यावर भागते. याहून अधिक त्यावर लिहिण्यासारखे नाही.

मला जे जड जाते ते वेगळेच आहे. हे काम मला आवडते. रिकाम्या इमारतीची जबाबदारी एकट्याच्या हाती असणे, आणि सकाळी ती जशीच्या तशी दुसऱ्याच्या हवाली करणे, यात मला समाधान आहे. पण गावी आईला वाटते, की चांगली नोकरी लागेपर्यंतची ही तात्पुरती सोय आहे, आणि पत्नीही अधूनमधून दुसऱ्या कोर्सची माहितीपत्रके टेबलावर ठेवते. दोघींना दुखवायचे नाही म्हणून मी ‘बघू’ म्हणतो. तुम्ही निघण्यापूर्वी पत्नीशी याविषयी मोकळेपणाने बोला: हे काम तुम्ही वर्षभरासाठी धरणार आहात, की त्यात राहणार आहात, आणि राहिलात तर तिला चालेल का.

आणि निघण्यापूर्वी पतसंस्थेच्या सचिवांकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा आणि ज्याला कोणीतरी खरोखर उत्तर देईल असा ईमेल पत्ता असू द्या. अभ्यासिकेच्या मालकांकडूनही तसेच पत्र घ्या, सोबत परीक्षांची प्रवेशपत्रे आणि पाच वर्षांतील सर्व पत्त्यांची तारखांसह यादी ठेवा. पतसंस्थेत नंतर माणसे बदलतात आणि तिकडून ईमेलला उत्तर येत नाही, म्हणून सचिवांना आधीच सांगून ठेवा, की इंग्लंडहून चौकशी येईल.