आजींची ठेव, मुद्राचा हप्ता आणि साडेआठची गोष्ट

प्रश्न : आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात आहेत, पगार ३४,००० रुपये. मी खासगी शाळेत शिकवते, मला १८,००० मिळतात. घराचा हप्ता ११,५०० आणि घरखर्च साधारण २९,०००. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. मालिकांमधली कटकारस्थानं आणि रात्रीच्या बातम्यांतला आरडाओरडा मुलांच्या कानावर नको, म्हणून आम्ही आणि इमारतीतल्या दोन कुटुंबांनी मिळून यूट्यूबवर स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. त्यातलं एक कुटुंब तेलुगू आहे, एक कन्नड. सासूबाई बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्या गोष्ट सांगतात. मुलं कोडी घालतात, गाणी म्हणतात. आठवड्याला दोन भाग, प्रत्येकी वीस मिनिटांचे. ३४० सबस्क्रायबर झालेत. एक भाग दोनशे जण बघतात, सरासरी आठ मिनिटं. आता रोज रात्री साडेआठला थेट प्रसारण करायचा विचार आहे, सोबत दहा मिनिटं चांगल्या बातम्या. खोलीचा स्टुडिओ करायला आठ लाख लागतील. सासूबाईंनी दीड वर्षापूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले पाच लाख त्या स्वतःहून देताहेत, तीन लाख मुद्रा कर्ज काढू. मी नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करीन. करावं का?

उत्तर : ताई, कार्यक्रम जरूर चालू ठेवा. पण ठेव मोडू नका, कर्ज काढू नका आणि नोकरी तर मुळीच सोडू नका. तिन्ही नकार एकदम दिले म्हणून रागावू नका, कारणं सांगतो.

आधी तुमच्या घरचा हिशेब. आज दोघांचे मिळून ५२,००० येतात, ४०,५०० जातात, ११,५०० उरतात. तुमचा पगार थांबला की ३४,००० मध्ये तोच खर्च भागवायचा, म्हणजे दरमहा ६,५०० ची तूट. तीन लाखांचं मुद्रा कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण ६,५००. झाले १३,०००. सासूबाईंच्या पाच लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १०,२५० रुपये व्याज येतं, महिन्याचे झाले ३,४००. त्यांना पेन्शन असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा औषधपाणी यातूनच होत असणार. ठेव मोडली की तो खर्चही तुमच्या अंगावर. एकूण खड्डा १६,४०० चा, तोही स्टुडिओत पहिला दिवा लागण्याआधी.

पत्रासोबतच्या यादीत तुम्ही कॅमेरा, दिवे, एसी, आवाज अडवायचे पडदे यांच्या किमती रकमेनिशी लिहिल्यात. तुमच्या पगाराचा मात्र त्या यादीत पत्ता नाही. वर्षाचे २,१६,००० होतात ते, म्हणजे चार वर्षांत अख्ख्या स्टुडिओपेक्षा जास्त. शिवाय खासगी शाळेतली जागा सोडली की पुन्हा त्याच पगारावर मिळेल याची हमी कोण देणार?

आता हा खड्डा जाहिरातींनी भरेल का? यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं. लांब व्हिडिओच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा तुम्हाला, उरलेला त्यांना. हजार पाहण्यांमागे हाती किती पडतं ते विषय, मोसम आणि प्रेक्षक कुठले यावर ठरतं. हिशेबापुरते मी ४० रुपये धरतो. १६,४०० रुपयांसाठी महिन्याला ४,१०,००० वेळा तुमचे भाग पाहिले जायला हवेत. आज महिन्याला नऊ भाग धरले तर १,८०० वेळा पाहिले जातात. सव्वादोनशे पट वाढ हवी, आणि तीही फक्त महिन्याचा खर्च जेमतेम भागण्यासाठी. बचतीचे ११,५०० तर गेलेच.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. जो कार्यक्रम लहान मुलांसाठी बनवलाय, तो यूट्यूबवर तसा जाहीर करावा लागतो. अमेरिकेतल्या मुलांच्या खासगीपणाच्या कायद्यावरून २०१९ मध्ये गूगलला १७ कोटी डॉलर भरावे लागले, त्यानंतर जानेवारी २०२० पासून हे आलं. अशा भागांवर प्रेक्षकाची आवडनिवड हेरून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती येत नाहीत. म्हणजे भाव कमी. कॉमेंट बंद, थेट प्रसारणात प्रेक्षक जे पैसे पाठवतात तेही बंद. तुम्ही जितकं निर्मळ कराल तितकी जाहिरातीची कमाई कमी, अशी ही व्यवस्था आहे. पण तेवढ्यासाठी खोटं जाहीर करू नका. आजी मोठ्यांनाही आवडेल असं सांगत असतील तर तो भाग मुलांचा आहे की घरातल्या सगळ्यांचा, हे प्रत्येक भागाला प्रामाणिकपणे ठरवा.

मालिका तशा का होतात, बातम्यांत माणसं का ओरडतात? त्यांना वाईट वागायची हौस असते असं मला वाटत नाही. डोळे पडद्यावर खिळले तर जाहिरात, जाहिरात आली तर पगार. तुमच्या डोक्यावर ६,५०० चा हप्ता बसला की तुम्हीही त्याच रांगेत उभ्या राहाल. पहिले सहा महिने आजी गोष्ट सांगतील. सातव्या महिन्यात कुणीतरी म्हणेल, नातवाने रडून दाखवलेला भाग जास्त चालला, पुन्हा करू या. आठव्या महिन्यात भागाचं शीर्षक लालभडक होईल. हप्ता घरात आला की कार्यक्रमाचा संपादक तोच होतो. कर्जाला माझा खरा विरोध व्याजदरामुळे नाही, यामुळे आहे.

मुद्रात तुमचे तीन लाख ‘किशोर’ गटात बसतात, पन्नास हजारांच्या वर ते पाच लाखांपर्यंत. तारण लागत नाही, त्यामुळे लोकांना ते जवळजवळ अनुदानच वाटतं. पण कर्ज ते कर्जच. थकलं की सिबिल बिघडतो, आणि तुमच्यावर घराचं कर्ज आधीच आहे.

सासूबाईंच्या ठेवीचं म्हणाल तर त्यांचं मन मोठं आहे, पण म्हणूनच त्यांचे पैसे घेऊ नयेत. हे खातं एक वर्षानंतर आणि दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुदलातून दीड टक्का कापतात, म्हणजे ७,५००. ते सोसताही येईल. पण दर तिमाहीला स्वतःच्या खात्यात येणारे पैसे आणि सुनेकडे मागून घ्यावे लागणारे पैसे यांत आजींच्या वयाला फार फरक पडतो. शिवाय कार्यक्रम उद्या थांबवावासा वाटला, घसा बसला, कंटाळा आला, तर ‘माझेच पैसे त्यात आहेत’ म्हणून त्या थांबू शकणार नाहीत. त्यांचं गोष्ट सांगणं हेच त्यांचं भांडवल समजा.

मग पैसे कुठून? कुणीतरी द्यायलाच हवेत, आणि कोण देणार हे कॅमेरा घेण्याआधी ठरवायला हवं. जाहिरातदार नको असेल तर ऐकणाऱ्याने द्यावेत. दरमहा शंभर रुपये देणारी १६४ कुटुंबं मिळाली की ४,१०,००० पाहण्यांचं काम होतं. या दोन आकड्यांकडे जरा वेळ बघा. चार लाखांच्या मागे धावायला ओरडावं लागतं. १६४ कुटुंबं सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन-चार गल्ल्यांत आणि तुमच्या शाळेच्या पालकांत मिळू शकतात, आणि त्यांना तुमचं न ओरडणंच हवं असतं. यूपीआयने थेट घ्या. यूट्यूबच्या सभासदत्वात ते ३० टक्के ठेवून घेतात, आणि मुलांचं म्हणून जाहीर केलेल्या चॅनेलला ती सोय मिळतही नाही. मात्र या पैशाला दान म्हणू नका, तुमची संस्था नोंदणीकृत नाही आणि देणाऱ्याला करसवलत मिळणार नाही. कार्यक्रमाची वर्गणी म्हणा, वही ठेवा, विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवा.

तुमच्याकडे असं एक आहे जे पुण्या-मुंबईच्या मोठ्या चॅनेलला सहज जमणार नाही. एकाच जिन्यावर मराठी, तेलुगू आणि कन्नड. तीच गोष्ट तीन घरांत तीन भाषांत सांगा. आपल्या शहरात आजी एका भाषेत बोलते आणि नातू दुसरीत उत्तर देतो अशी घरं कितीतरी आहेत, त्यांच्यासाठी कोण काय करतंय? मला वर्गणीदार इथेच दिसतात. चादरीच्या दुकानदाराने, शेंगा चटणीवाल्याने तीन महिन्यांचं प्रायोजकत्व दिलं तर घ्या, पण ही जाहिरात आहे असं भागात स्पष्ट सांगायचं. पैशाऐवजी वस्तू दिल्या आणि वर्षाला त्यांची किंमत २०,००० च्या वर गेली तर त्यावर दहा टक्के टीडीएसचा नियम आहे, तेव्हा दुकानदाराशी आधी बोलून घ्या.

रोज थेट प्रसारण करायची घाई सोडा. आजच्या चालीने नऊ भाग, दोनशे प्रेक्षक, आठ मिनिटं म्हणजे महिन्याला २४० तास, वर्षाला २,८८०. चार हजारांना कमी पडतात. आठवड्याला तिसरा भाग वाढवला, महिन्याला तेरा झाले, की वर्षाला साधारण ४,१६० तास. प्रेक्षक एकही न वाढता हा अडथळा ओलांडता येतो, आणि त्याला आठ लाख नाही, रविवारचे दोन तास लागतात. शेजारच्या मागांचा खडखडाट सुट्टीच्या दिवशी बंद असेल, तेव्हा तिन्ही भाग एका बैठकीत मोबाईलवर रेकॉर्ड करा. पडद्यांचा खर्चही वाचेल.

उपकरणांसाठी ४०,००० ची मर्यादा घाला, तीही तीन कुटुंबांत वाटून. कॉलर माइक, एक चांगला दिवा, तिवई, व्हिडिओ जपून ठेवायला हार्ड डिस्क. पहिला पैसा माइकवर घाला. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात, आवाज कळला नाही की उठतात. मोठा कॅमेरा लागलाच तर लग्नसराई नसते तेव्हा एखाद्या फोटोग्राफरकडून दिवसापुरता भाड्याने मिळतो. हे पैसे परत येणार नाहीत असं धरूनच खर्च करा.

‘चांगल्या बातम्या’ मात्र वगळा. डिजिटल बातम्या प्रसिद्ध करणाऱ्यांना २०२१ च्या नियमांखाली तक्रार निवारणाची वगैरे व्यवस्था ठेवावी लागते. दहा मिनिटांसाठी ते ओझं कशाला?

गोष्टींबाबत एक. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना मोकळं आहे. आजच्या बालसाहित्यिकांची गोष्ट वाचायची तर लेखी परवानगी हवी. अभंग कुणीही म्हणावा, पण कॅसेटवरचं गायन मागे लावलं की चॅनेलवर दावा येतो.

मुलांबद्दल थोडं कडक बोलतो. २२ जुलै २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना यूट्यूबवर एकट्याने थेट प्रसारण करता येत नाही, मोठं माणूस सोबत दिसायला हवं. चित्रपट-मालिकांत काम करणाऱ्या मुलांसाठी २०१७ चे नियम आहेत : दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. घरगुती कार्यक्रमाला हे लागू पडतं का, या वादात पडू नका, पाळाच. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. दोन वर्षांनी तिला वर्गात लाज वाटू लागली तर एका शब्दावर तिचे भाग काढून टाकायची तयारी हवी. कर्ज असेल तर ती तयारी राहत नाही.

जाहिरातीचे पैसे सुरू झाले तर शंभर डॉलर जमल्याशिवाय ते खात्यात येत नाहीत. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिथला कर कापतात. दोन देशांमधल्या कर-कराराचा फॉर्म भरला तर १५ टक्के, काहीच माहिती दिली नाही तर सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत. म्हणून तो फॉर्म पहिल्याच दिवशी भरा.

आणि खातं कुणाच्या नावावर? पैसे ज्याच्या नावावर येतील, कर त्याच्या डोक्यावर. तीन कुटुंबांची आज घट्ट मैत्री आहे, तेव्हाच दोन पानांचा करार लिहून घ्या : खर्च कसा वाटायचा, उत्पन्न कसं वाटायचं, चॅनेलचा पासवर्ड किमान दोघांकडे, एक कुटुंब बाहेर पडलं तर जुन्या भागांचं काय, मुलांचा वाटा कुणाच्या सहीने ठेवायचा. शेजारी राहणाऱ्यांना पैशावरून अबोला परवडत नाही, पाणी यायच्या दिवशी एकाच नळापाशी भेटायचं असतं.

सिद्धेश्वरांची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपली की फेब्रुवारीत मला पुन्हा लिहा. प्रेक्षकसंख्या खाली लिहिली तरी चालेल, वर्गणी देणाऱ्या कुटुंबांचा आकडा पहिल्या ओळीत लिहा. तो सलग सहा महिने १६४ च्या वर राहिला, तर शाळेत अर्धवेळ काम मिळतं का ते विचारायला हरकत नाही.