जिल्हा परिषदेतून ऑस्ट्रेलियन कौन्सिलमध्ये: सिव्हिल इंजिनिअरने कशाची तयारी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आठ वर्षं ग्रामीण रस्ते, मोऱ्या, गटारं केली, आता ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या लोकल कौन्सिलमध्ये (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) नोकरी बघायची आहे. तिथल्या प्रत्येक जाहिरातीत ‘सस्टेनेबिलिटी’ आणि ‘लीडरशिप’ असतंच. याचा रोजच्या कामाशी संबंध काय, आणि भारतात बसून तयारी कशाची करायची?

हे शब्द वाचून सौर पॅनल आणि भाषणकला डोळ्यांसमोर आणू नका. कौन्सिलमध्ये सस्टेनेबिलिटी सगळ्यात आधी हिशेबात येते: जे बांधून ठेवलंय ते स्वतःच्या उत्पन्नात कायम चालू ठेवता येईल का? आणि लीडरशिप म्हणजे या प्रश्नाचं खरं उत्तर लेखी देणं, ऐकणाऱ्याला आवडो न आवडो.

देशात ५३७ कौन्सिल आहेत आणि एकूण रस्त्यांच्या लांबीपैकी सुमारे तीन चतुर्थांश रस्ते त्यांच्याकडे आहेत. माणसं कमी, रस्ते लांब. त्यामुळे नारळ फोडायचे प्रसंग थोडे आणि बांधलेलं सांभाळायचं काम अफाट. प्रत्येक रस्ता, फूटपाथ, मोरी, पूल, मैदान ॲसेट रजिस्टरमध्ये असतं: लांबी-रुंदी, साहित्य, बांधल्याचं वर्ष, उरलेलं आयुष्य, १ ते ५ मध्ये अवस्था (१ उत्तम, ५ मोडीत), नव्याने बांधायचा खर्च आणि वर्षाचा घसारा. हा घसारा उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात खर्च म्हणून दिसतो, म्हणून तुम्ही लिहिलेलं ‘उरलेलं आयुष्य’ थेट कौन्सिलच्या तोट्या-नफ्यात जातं.

हिशेब कसा चालतो ते बघा. समजा कौन्सिलकडे ६०० किमी डांबरी (सील्ड) रस्ते आहेत आणि स्प्रे सील (आपलं सरफेस ड्रेसिंग) १५ वर्षं टिकतं. म्हणजे दरवर्षी ४० किमी रीसील (तो थर पुन्हा) व्हायलाच हवं. पैसे कमी म्हणून २५ किमीच केलं, तर त्याच रस्त्यावर परत यायला २४ वर्षं लागतील. डांबर उन्हाने कडक होतं, तडे जातात, पाणी बेसमध्ये उतरतं, आणि मग रीसीलने भागत नाही. बेस उखडून पुन्हा करावा लागतो, ज्याचा खर्च रीसीलच्या कित्येक पट असतो. पहिली तीन-चार वर्षं रस्त्यावर काहीच दिसत नाही, म्हणूनच ही काटछाट सगळ्यांना सोयीची वाटते. न्यू साउथ वेल्स राज्यात यासाठी तीन आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात, त्यांची लक्ष्यं अशी: नूतनीकरणावरचा खर्च घसाऱ्याच्या १०० टक्के किंवा जास्त, साचलेला अनुशेष (राहून गेलेलं काम) मालमत्तेच्या मूल्याच्या २ टक्क्यांच्या आत, आणि देखभालीचा खर्च गरजेच्या १०० टक्क्यांच्या वर. मालमत्ता कराचं उत्पन्न मनाप्रमाणे वाढवता येत नाही. कमाल वाढ आयपार्ट ही राज्याची नियामक संस्था ठरवते. म्हणून अनुदानातून फुकट मिळालेली नवी इमारतही तुम्हाला फुकट नसते. तिचा घसारा, वीज, साफसफाई पुढची पन्नास वर्षं कौन्सिलच्या माथी. मुलाखतीत ‘होल ऑफ लाइफ कॉस्ट’बद्दल, म्हणजे आयुष्यभराच्या एकूण खर्चाबद्दल, विचारतात ते यासाठी.

आता साहित्याकडे. जुन्या डांबरी थरांचा चुरा (रॅप), टायरचं क्रम्ब रबर, काचेचा चुरा हे सगळं इथे सर्रास वापरतात, पण कुठलंच डोळे झाकून नाही. क्रम्ब रबरचं मिश्रण टाकीत सतत ढवळावं लागतं, नाहीतर रबर तळाशी बसतं आणि फवारणी असमान होते. रॅपमधलं डांबर म्हातारं, कडक असतं. प्रमाण वाढवलं की बाइंडरचा (नव्या डांबराचा) ग्रेड बदलावा लागतो. काचेचा चुरा पाइपखालच्या बेडिंगमध्ये वाळूऐवजी छान चालतो, पण वरच्या डांबरी थरात जास्त घातला तर डांबर काचेला नीट धरत नाही. पूरप्रवण भागात फोम्ड बिटुमेन स्थिरीकरण शिकून ठेवा: जागेवरचाच बेस २०० ते ३०० मिमी खोल दळायचा, त्यात साधारण ३ ते ३.५ टक्के फेसाळलेलं डांबर आणि १.५ ते २ टक्के चुना. क्वीन्सलंडमध्ये असे रस्ते पुराच्या पाण्याखाली राहूनही बऱ्यापैकी टिकल्याचा अनुभव आहे. फसतं कुठे? ७५ मायक्रॉनखालचा बारीक अंश कमी असला तर फेस धरायला जागाच नसते आणि डांबराच्या गुठळ्या होतात. चिकणमाती जास्त असली तर चुना आधी तिच्यावरच खर्च होतो. म्हणून दर थोड्या अंतरावर खड्डे घेऊन चाळणी आणि प्लॅस्टिसिटी तपासल्याशिवाय डिझाइन करायचं नाही.

पावसाळी पाण्याचं काम मात्र तुम्हाला सगळ्यात नवं वाटेल. आपल्याकडे पाणी लवकरात लवकर नाल्यात घालवलं की झालं. इथे ते आधी गाळावं लागतं. व्हिक्टोरियात नव्या वसाहतींसाठी तरंगता गाळ ८० टक्के, फॉस्फरस ४५ टक्के, नायट्रोजन ४५ टक्के आणि कचरा ७० टक्के कमी करण्याचं लक्ष्य असतं आणि ते म्युझिक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिद्ध करून दाखवावं लागतं. नेहमीचा उपाय म्हणजे रस्त्याकडेची बायोरिटेन्शन बाग, म्हणजे रेनगार्डन. ढोबळ आकार पक्क्या पृष्ठभागाच्या २ टक्के: २,००० चौरस मीटर डांबर असेल तर ४० चौरस मीटर बाग. वरून खाली थर असे: पाणी साठायला १०० ते ३०० मिमी मोकळी जागा, ४०० ते ६०० मिमी रेताड फिल्टर माती, १०० मिमी वाळूचा संक्रमण थर, त्याखाली बारीक खडीत छिद्रांचा पाइप. फिल्टर मातीतून पाणी ताशी १०० ते ३०० मिमी वेगाने उतरलं पाहिजे आणि तिच्यात चिकणमाती आणि गाळवट माती (सिल्ट) मिळून ३ टक्क्यांहून कमी हवी.

कागदावर हे सोपं दिसतं, आणि साइटवर ठरावीक चार ठिकाणी बिघडतं. एक, ओव्हरफ्लो पिटचं (जादा पाणी जायच्या खड्ड्याचं) झाकण मातीच्याच पातळीला बसवतात. मग पाणी साठतच नाही, सरळ पिटात जातं आणि बाग निव्वळ शोभेची होते. पिटची कड डिझाइनमधल्या साठवण उंचीइतकी वर आहे की नाही हे लेव्हल लावूनच बघा, नजरेने नाही. दोन, कर्बमधली (रस्त्याच्या उंच कडेतली) फट अरुंद ठेवतात किंवा आत उतार देत नाहीत; पहिल्याच पावसात पालापाचोळा अडकून पाणी पुढे निघून जातं. आतली माती कर्बच्या तळापेक्षा ५० मिमी तरी खाली हवी. तीन, मातीवर हलका मल्च (आच्छादन) वापरतात, तो तरंगतो आणि पिट बुजवतो. चार, आणि सगळ्यात महाग: आजूबाजूची घरं बांधून व्हायच्या आधीच बाग सुरू करतात. बांधकामाच्या गाळाने वरचा थर काही महिन्यांत बुजतो. त्यामुळे घरं पूर्ण होईपर्यंत फिल्टर मातीवर जिओटेक्स्टाइल (गाळ अडवणारं कापड) आणि वर हिरवळीचे तुकडे टाकून ठेवायचे, शेवटी ते काढून झाडं लावायची. आणि देखभाल करणारी तुकडी रस्त्याची की उद्यानाची, हे हस्तांतराआधी नावानिशी ठरवून घ्या. दोन विभागांच्या मध्ये पडलेली बाग मरते.

मातीचे, मुरमाचे रस्ते तुम्हाला नवे नाहीत. फक्त ४ ते ६ टक्के आडवा उतार आणि साइडपट्टीबाहेर पाणी काढणारे चर यांच्यावर इथे ग्रेडर ऑपरेटरशी रोज बोलणं होईल.

पूर आला की वेगळाच खेळ. डीआरएफए या आपत्ती-निधीच्या केंद्र-राज्य व्यवस्थेतून दुरुस्तीचा पैसा मिळतो, पण रस्ता पुराआधी कसा होता याचा पुरावा दिलात तरच. तारीख आणि स्थान नोंदलेले फोटो, तपासणी अहवाल, देखभालीच्या नोंदी लागतात. आधीचाच खड्डा पुराच्या नावावर टाकता येत नाही. आणि सर्वसाधारणपणे पैसा पूर्वीइतकंच बांधायला असतो. मोरी मोठी करायची तर बेटरमेंटसाठी (आधीपेक्षा चांगलं बांधायला) वेगळं प्रकरण करावं लागतं. क्वीन्सलंडने २०१३ पासून असा निधी चालवला आहे.

लीडरशिपकडे येतो. आपल्याकडे सदस्यांचा फोन आला की प्राधान्यक्रम हलतो, हे दोघांनाही माहीत आहे. न्यू साउथ वेल्सच्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्ट १९९३ च्या कलम ३५२ प्रमाणे कर्मचाऱ्याने काय सल्ला द्यावा, काय शिफारस करावी हे कौन्सिल किंवा कौन्सिलर सांगू शकत नाही. सभेत ते तुमची शिफारस फेटाळू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. पण अहवालात शिफारस तुमचीच राहते, आणि अहवाल नागरिक वाचतात. म्हणून सभेसाठी दोन पानी अहवाल लिहायची सवय करा: पर्याय, प्रत्येकाचा आयुष्यभराचा खर्च, काहीच न केल्यास काय होईल, शिफारस. इंग्रजी साधं हवं, ‘इट इज हियरबाय सबमिटेड’ छापाचं नको.

खड्ड्यांच्या तक्रारीतही हीच शिस्त लागते. न्यू साउथ वेल्सच्या सिव्हिल लायबिलिटी ॲक्ट २००२ च्या कलम ४५ नुसार दुरुस्ती न केल्याबद्दल रस्ता प्राधिकरण जबाबदार ठरतं ते त्या विशिष्ट धोक्याची त्याला प्रत्यक्ष माहिती असेल तरच. यावरून ‘मग नोंदच नको’ असा शहाणपणा कोणी सुचवला तर लांब राहा. तक्रार, जागा, तपासणीची तारीख, धोक्याचा गुण, ठरवलेली मुदत असं सगळं सिस्टिममध्ये असलं आणि मुदत पैशांप्रमाणे वास्तव असली, की कौन्सिलही सुरक्षित आणि तुम्हीही. व्हिक्टोरियात रोड मॅनेजमेंट ॲक्ट २००४ खालचा रोड मॅनेजमेंट प्लॅन हेच काम करतो.

ठेकेदाराच्या बिलांबाबत तर सवयच बदला. न्यू साउथ वेल्समध्ये पेमेंट क्लेम आल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत, किंवा करारात त्याहून कमी मुदत असेल तर तेवढ्यात, किती मान्य आणि किती नाही हे कारणांसह लेखी कळवलं नाही, तर मागितलेली पूर्ण रक्कम देणं लागतं. फाइल टेबलावर राहिली हे कारण कोणी ऐकत नाही. एमबी (मोजमाप पुस्तिका) काटेकोर लिहिणाऱ्याला मात्र हे जड जात नाही.

खात्याच्या स्वतःच्या मजूर तुकड्या असतात. त्यांचा ओव्हरसीअर तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारेल. राग धरू नका. १.५ मीटरहून खोल चर म्हणजे लेखी सुरक्षापद्धती (स्विम्स) असल्याशिवाय काम नाही. खोदण्याआधी बिफोर यू डिगकडून वाहिन्यांचे नकाशे, आणि नकाशावर विश्वास न ठेवता पाण्याच्या फवाऱ्याने उघडून बघणं. धोका वाटला तर मजूर काम थांबवू शकतो, तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

कागदपत्रांचं आता थोडक्यात. सिव्हिल इंजिनिअरचं कौशल्य मूल्यांकन एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणारा) पूर्ण सदस्य आहे, पण तुमची पदवी एनबीएच्या (भारतातलं राष्ट्रीय मान्यता मंडळ) टिअर-१ मान्यतेत आणि त्या काळातली असेल तरच तो मार्ग, नाहीतर सीडीआर, म्हणजे स्वतःची क्षमता दाखवणारा अहवाल. त्यात तीन करिअर एपिसोड, प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्द, आणि १६ घटकांशी परिच्छेद जोडणारं समरी स्टेटमेंट. बहुतेक जण इथे योजनेची माहिती लिहून ठेवतात. त्यांना हवं असतं ‘मी काय ठरवलं, का, कोणत्या गणिताने’. एक एपिसोड मोरीच्या जलगणिताचा, एक साइटवरच्या अडचणीचा, एक देखभालीच्या नियोजनाचा घ्या. तयार नमुन्यातून उतरवलेलं पकडलं जातं आणि अर्ज बाद होतो. कार्यकारी अभियंत्याचं लेटरहेडवर कामाच्या तपशिलासह पत्र आताच मागा. बदली झाल्यावर त्यांना गाठणं अवघड. क्वीन्सलंडमध्ये स्वतंत्रपणे डिझाइन करायला आरपीईक्यू नोंदणी लागते, व्हिक्टोरियातही २०१९ च्या कायद्याने नोंदणी आहे. सुरुवातीला नोंदणीकृत इंजिनिअरच्या थेट देखरेखीखाली काम करता येतं.

तांत्रिक अंतर वाटतं त्यापेक्षा कमी आहे. रस्त्याच्या थरांच्या डिझाइनसाठी आपलं आयआरसी ३७ आणि तिथलं ऑस्ट्रोड्स, दोन्हीकडे ८० किलोन्यूटनचाच प्रमाण आस. नवं शिकायचं ते ऑस्ट्रेलियन रेनफॉल अँड रनऑफ, म्हणजे पाऊस-पुराच्या गणिताची तिथली मार्गदर्शिका. पावसाच्या तीव्रतेचे आकडे ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, एखादं गाव निवडून मोरी काढून बघा. १२डी किंवा सिव्हिल ३डी यांपैकी एक डिझाइन सॉफ्टवेअर हातात बसलेलं असू द्या.

पहिला अर्ज महानगरांत न करता आतल्या भागातल्या कौन्सिलना करा. तिथे माणसं कमी पडतात आणि एकाच माणसाला रस्ता, पूल, पाणी सगळं बघायला मिळतं. ४९१ व्हिसाही अशाच भागांसाठी आहे. अर्जाआधी त्या कौन्सिलचा ॲसेट मॅनेजमेंट प्लॅन आणि मागच्या वर्षाचं वित्तीय विवरण उतरवून घ्या आणि अनुशेषाचा आकडा बघा. तो ६-७ टक्के दिसला, तर मुलाखतीत ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हटल्यावर तोच विचारा: हा अनुशेष कमी करायला कोणते रस्ते खालच्या दर्जावर ठेवायचं ठरलंय, आणि ते सभेने मंजूर केलंय का?