मुंबईत आलो, आता कोणत्या चर्चला जायचं?

प्रश्न : आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले. येत्या जूनमध्ये आमच्या यांची बदली गोरेगावला होते आहे. सोबत सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. गावी एकच चर्च, त्यामुळे निवडायचा प्रश्न कधी आलाच नाही. आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत, पेटी-तबल्यावर गायन, चपला बाहेर आणि बसायला सतरंजी. कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) जिभेवरच घ्यायचं, बायकांच्या डोक्यावर पदर, पहिल्या शुक्रवारी कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली), संध्याकाळी घरी जपमाळ. मागे मुंबईत नणंदेकडे गेलो होतो, तेव्हा रविवारी चर्चमध्ये ड्रम वाजत होते आणि गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "कार्यक्रम झाला, मिस्सा कधी आहे?" यांनी मोबाईलवर जुनी लॅटिन मिस्सा पाहिली आहे आणि आता तशीच हवी म्हणतात. मला निदान मराठी तरी मिळावी असं वाटतं. जुन्या वळणाचं चर्च शोधायचं कसं? आधी घर बघू की चर्च? नाव नोंदवावं लागतं का? सासूबाईंना जिने चढवत नाहीत, हेही लक्षात घ्यावं.
— एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : भगिनी, तुमच्या एका पत्रात तीन माणसांचे तीन हट्ट आहेत. सासूबाईंना शांतपणा हवा, यांना लॅटिन हवी, तुम्हाला मराठी हवी. तिन्ही एकाच छपराखाली मिळेल असं सांगून मी तुम्हाला टेम्पो भरायला लावणार नाही.

आधी यांची लॅटिन उरकते. जुनी मिस्सा म्हणजे 1962 च्या मिस्सा-पुस्तकाप्रमाणे होणारी. पोप बेनेडिक्ट यांनी 2007 मध्ये तिला बरीच मोकळीक दिली होती. पोप फ्रान्सिस यांनी 16 जुलै 2021 च्या आदेशाने ती आवळली. आता ती कुठे आणि कुणी करायची हे बिशपांच्या परवानगीवर आहे, आणि नेहमीच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) चर्चमध्ये करायची तर 2023 पासून थेट रोमची मुभा लागते. तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये रविवारी ती मिळेल या आशेवर घर घेऊ नका. कुलाब्याला होली नेम कॅथीड्रलला लागूनच आर्चबिशप हाउस आहे. सध्या परवानगी असलेली जागा आहे का, ते तिथेच विचारायचं. व्हॉट्सॲपवर कुणी एखाद्या हॉलचा पत्ता पाठवला, तर यांना आधी एकच गोष्ट विचारायला सांगा : इथले फादर कुणाच्या परवानगीने मिस्सा करतात? कन्फेशन ऐकायला आणि लग्न लावायला धर्मगुरूला अधिकार मिळालेला असावा लागतो. तिथे गडबड असली तर पुढे पोरीबाळींच्या लग्नाचे कागद अडतात.

आजची नेहमीची मिस्सा लॅटिनमध्ये करायला मात्र धर्मगुरूला वेगळी परवानगी लागत नाही, हे फार लोकांना ठाऊक नसतं. आराधनेच्या (पवित्र भाकरीपुढच्या प्रार्थनेच्या) शेवटी 'तान्तुम एर्गो' हे स्तोत्र तर मुंबईत कित्येक ठिकाणी अजून लॅटिनमध्येच गातात. यांनी तेवढ्यापासून सुरुवात करावी. आणि एखाद्या रात्री जेवताना सासूबाईंना त्यांच्या लहानपणची मिस्सा विचारावी. साठच्या दशकात लॅटिन जाऊन मराठी आली, ते त्यांच्या पिढीने पाहिलं आहे. मिस्सेत जमिनीवर बसणं, चपला बाहेर ठेवणं, आरती करणं, यांना रोमने भारतासाठी मान्यता दिली ती 1969 साली. म्हणजे तुम्ही ज्याला जुनं वळण म्हणता, त्याचा शिक्का सासूबाईंहून लहान आहे. म्हणून ते सोडा असं मी म्हणत नाही. मला स्वतःला ते ड्रमपेक्षा शंभरपट आवडतं.

आता मराठी. मी वसईची, लग्न होऊन पार्ल्याच्या गावठाणात आले, त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायले आहे. मुंबईच्या धर्मग्रामांत रविवारचा मुख्य कारभार इंग्रजीत चालतो. मराठी मिस्सा कुठे दर रविवारी एक असते, कुठे महिन्यातून एक, कुठे नाहीच. गोरेगावच्या आसपास कॅथलिक वस्ती दाट आहे ती मालाडला ऑर्लेमला आणि बोरिवलीला आय.सी. कॉलनीत. या कॉलनीचं नावच तिथल्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरून पडलंय आणि शेजारी मंडपेश्वरची लेणी आहेत, जिथे पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च थाटलं होतं. वस्ती छान, भाडं मात्र विचारून घ्या, मग खुर्चीत बसा.

अस्सल मराठी हवी असेल तर खाडीकडे बघा. गोराईचं होली मॅजाय चर्च, उत्तनचं समुद्रमातेचं, डोंगरीचं बेथलेहेम मातेचं, या गावांत घरादारात आणि चर्चमध्ये मराठी आहे. पण गोराईहून रोज गोरेगाव म्हणजे आधी होडी, मग बस नाहीतर रिक्षा, मग लोकल. त्यापेक्षा नायगाव बरं. तिथून गोरेगाव सातवं स्टेशन. वसईची खाडी ओलांडली की मुंबईचं महाधर्मप्रांत (आर्चबिशपांचा प्रदेश) संपतं आणि वसई धर्मप्रांत लागतं. 1998 साली ते वेगळं झालं. तिथे मिस्सा, धर्मशिक्षण, आजाऱ्याच्या उशाशी केलेली प्रार्थना, सगळं मराठीत. घरंही स्वस्त. अडचण एकच, पण ती रोजची : सकाळी नायगावला येणारी गाडी विरारहूनच भरून आलेली असते. हे यांच्या खांद्याला आणि स्वभावाला झेपेल का, ते तुम्हीच ठरवा. आणि मराठी आहे म्हणजे ड्रम नाहीत असं समजू नका. आमच्या वसईच्या पोरांनाही हात मोकळे करायला आवडतात.

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न चर्च पारखायचं कसं हा आहे, आणि तिथे मी हट्टी आहे. रविवारच्या नऊच्या मिस्सेवरून चर्च ठरवू नका. पाहुणे यायच्या दिवशी आवरलेल्या बैठकीच्या खोलीवरून घर कळत नाही, तसंच ते. तुम्ही मधल्या वारी जा, मंगळवारी नाहीतर गुरुवारी, सकाळच्या मिस्सेला. माणसं वीस असोत की साठ, फादर घड्याळ बघत मिस्सा उरकतात की शब्द शब्द लावून म्हणतात, ते ऐका. मिस्सा संपल्यावर पाच मिनिटं कुणी गुडघ्यावर राहतं का, की दिवे लगेच बंद होतात? कन्फेशनच्या पेटीत डोकावून बघा. फादरांची खुर्ची वापरातली दिसते, की आत सणाची तोरणं आणि मोडका पंखा ठेवलाय? दाराजवळच्या फलकावर कन्फेशनची वेळ स्पष्ट लिहिलेली असेल तर ते चर्च निम्मं पास. 'ऑफिसमध्ये चौकशी करा' एवढंच लिहिलं असेल तर जरा थांबा. आराधना कोणत्या वारी, क्रूसाची वाट फक्त उपवासकाळातच की एरवीही, मे महिन्यात गावठाणातल्या क्रूसाजवळ जपमाळ होते का, हे सगळं त्या फलकावर नाहीतर फुलं विकणाऱ्या बाईकडे कळतं. बाईकडे जास्त.

रविवारसाठी सासूबाईंना दिवसाची पहिली मिस्सा सांगा, सहा-साडेसहाची. त्या वेळी वयस्क माणसं असतात, गाणं मोजकं असतं. गिटारवाली पोरं इतक्या सकाळी उठत नाहीत, हे मी माझ्या घरातल्या नातवंडांवरून खात्रीने सांगते. एकाच चर्चमध्ये साडेसहाची आणि नऊची मिस्सा दोन वेगळ्या गावांच्या वाटाव्यात इतकी निराळी असू शकते. नणंदेकडे तुम्ही कितीच्या मिस्सेला गेला होता?

जिभेवर कम्युनियन घ्यायचा हक्क तुमचाच आहे, तो कुणी नाकारू शकत नाही. रोमने 2004 च्या सूचनेत तसं स्पष्ट लिहिलं आहे, आणि गुडघे टेकले म्हणूनही नाकारता येत नाही. फक्त गर्दीच्या मिस्सेत मागचा माणूस अडखळून अंगावर येतो, म्हणून गुडघे टेकायचे असतील तर रांगेच्या शेवटी उभं राहावं. पदर खुशाल घ्या. तो घेतलाच पाहिजे असा नियम आता नाही, आणि घेतला म्हणून कुणी हसतही नाही. हसलं तर हसू द्या.

आता घर आधी की चर्च. यांची गाडी आणि मुलीची शाळा आधी बघा, आणि त्यात बसणाऱ्या घरांपैकी ज्याच्यापासून चर्च चालत गाठता येतं ते घ्या. ज्या चर्चला जायला रिक्षाचे पैसे पडतात, तिथे मधल्या वारी कुणी जात नाही, कितीही जुन्या वळणाचं असलं तरी. मधला वार सुटला की कन्फेशन सुटतं आणि मग पहिला शुक्रवारही सुटतो. चालत जाण्याजोगं चर्च ड्रमवालं निघालं तरी माझं मत तेच राहील. साडेसहाच्या मिस्सेला जा आणि मराठीची भूक महिन्यातून एकदा बाहेर भागवा. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी दिवसभर नोव्हेना (नऊ वेळा करायच्या प्रार्थना) चालतात, त्यात मराठीही असते. आणि सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीची यात्रा चुकली म्हणून हळहळू नका. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा असते. तिथे मेणबत्त्या विकणाऱ्यांच्या तोंडी मराठी, हिंदी, कोकणी सगळं मिसळलेलं ऐकाल.

नाव नोंदवायचं का? नोंदवायचंच, आणि सामान लागल्याच्या पहिल्या महिन्यात. तुमचं धर्मग्राम तुमच्या पत्त्यावरून ठरतं. मिस्सेला कुठेही जा, कुणी हजेरी घेत नाही. अगदी शेजारच्या मल्याळी मंडळींच्या सायरो-मलबार चर्चमध्ये (तेही कॅथलिकच, फक्त उपासनेची रीत वेगळी) गेलात तरी रविवार भरला. पण बाप्तिस्मा, लग्न, मयत ही कामं राहत्या धर्मग्रामाच्या दप्तरातून होतात. मी बरीच वर्षं पॅरिश ऑफिसात रजिस्टरं लिहिते. भाड्याने राहणारी माणसं "अकरा महिन्यांसाठी कशाला" म्हणून नाव देत नाहीत, करार वाढत जातो, आणि एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी शटर ओढताना कुणीतरी घाम पुसत उभं राहतं : भावाचं लग्न आहे, पत्र पाहिजे. ज्याला कुणी ओळखत नाही त्याचं पत्र फादर कसं देणार? आणि मुंबईत दफनभूमीची इतकी टंचाई आहे की वाईट वेळी आधी विचारतात, नाव कुठल्या धर्मग्रामात आहे. अशुभ बोलते म्हणू नका, हे ऑफिसातलं बोलणं आहे.

गावाहून निघताना चौघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, तुमच्या लग्नाचा दाखला आणि तुमच्या फादरांचं एक ओळखपत्र घ्या. मुलीचं पहिलं कम्युनियन झालं नसेल, आणि धर्मशिक्षण अर्धं झालं असेल, तर तेही त्या पत्रात लिहून घ्या, नाहीतर इथे पहिल्यापासून बसवतील. रविवारचे वर्ग बहुतेक ठिकाणी शाळेबरोबर जूनमध्ये सुरू होतात, म्हणून ऑगस्टपर्यंत थांबू नका. वर्ग इंग्रजीत असेल. पोरगी दोन महिन्यांत 'हेल मेरी' घडाघडा म्हणेल. घरच्या जपमाळेत मात्र 'नमो मारिया'च चालू ठेवा, ते काम चर्च तुमच्यासाठी करणार नाही. नाव नोंदवलं की तुमच्या इमारतीचा कॅथलिक शेजाऱ्यांचा जो लहान समूह असेल, त्याची मंडळी घरी भेटायला येतील. चहा पाजा. अर्ध्या मुंबईची खबर त्यांच्याकडे असते, मराठी मिस्सा कुठे चांगली होते हीसुद्धा.

राहता राहिल्या सासूबाईंचे जिने. नाव देताना त्याच दिवशी आजाऱ्यांच्या यादीतही त्यांचं नाव घालायला सांगा. पहिल्या शुक्रवारी बहुतेक ठिकाणी धर्मगुरू घरोघरी कम्युनियन घेऊन जातात. मधल्या रविवारी कधी चर्चने नेमलेली प्रापंचिक माणसंही येतात. सासूबाईंना फादरच हवे असतील तर तसं आधी बोलून ठेवा, आणि कन्फेशन करायचं आहे हेही सांगा, म्हणजे फादर जरा वेळ काढून येतील. इमारतीला लिफ्ट नसेल तर मजला लिहून द्या. आमच्या फादरांचेही गुडघे दुखतात.