गतिशक्ती आराखड्याचा सातारा-सांगलीला काय उपयोग?

उपयोग आहे, पण त्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात.

ऑक्टोबर 2021 मध्ये आलेला पीएम गतिशक्ती आराखडा मुख्यतः एक डिजिटल नकाशा आहे. रस्ते, रेल्वे, पाइपलाइन, वनजमिनी सगळं एकावर एक थर लावून दिसतं. म्हणजे रस्ता झाला की दुसऱ्या खात्याने येऊन तो उकरायचा, हा आपला जुना खेळ निदान कागदावर तरी टळतो.

विभागवार कारभाराची किंमत मिरजेने पाहिली आहे. एकेकाळी तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज असे वेगवेगळ्या रुंदीचे तिन्ही रूळमार्ग एकत्र यायचे आणि गेज बदललं की माल एका वाघिणीतून दुसरीत चढवायचा. हमालांना काम मिळायचं, व्यापाऱ्याचा वेळ जायचा.

आज रूळ जुळले, पण बाकीचं? साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे, कराडचं ओगलेवाडीला. रात्री उतरलात तर पुढे रिक्षावाला म्हणेल ते. पुणे-मिरज दुहेरीकरणावर एवढा खर्च करायचा आणि शेवटचे चार-पाच किलोमीटर नशिबावर सोडायचे, याला एकात्मिक म्हणवत नाही. नकाशात हा थरच नाही: एसटीचं वेळापत्रक गाडीशी जुळवायला जमीन नाही, दोन खात्यांचा एक फोन लागतो.

मालाचं तसंच. राष्ट्रीय रेल्वे योजनेला 2030 पर्यंत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा साधारण 27 वरून 45 टक्क्यांवर न्यायचा आहे. तासगावची द्राक्षं मात्र ट्रकनेच जातील, जोवर थंड साखळी, म्हणजे माल वाटेत सतत थंड ठेवायची सोय, थेट फलाटापर्यंत पोचत नाही.