माझ्या १९ वर्षांच्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, घरी सगळं आईच करते. तो स्वतःचं स्वतः बघायला आणि चारचौघांत पुढे व्हायला कसा शिकेल?

मलापण सीपी (सेरेब्रल पाल्सी) आहे, कुबड्या घेऊन चालतो, राहायला ऐरोलीत आणि कामाला ठाण्यात, त्यामुळे जे रोज जगतोय तेच सांगतो.

सगळं स्वतःच्या हाताने करता आलं तरच तो स्वावलंबी, हे आधी डोक्यातून काढा. शर्टाची बटणं आई लावते तर लावू दे, पण शर्ट कुठला, निघायचं किती वाजता, रिक्षा की ट्रेन, हे त्याने ठरवायचं. अमेरिकेत एड रॉबर्ट्स म्हणून होते, पोलिओने मानेखाली जवळपास पूर्ण लुळे, झोपताना आयर्न लंग, म्हणजे श्वास चालू ठेवणारं मोठं यंत्र, लागायचं. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने हा काय काम करणार म्हणून त्यांना आधी मदत नाकारली होती, १९७५ साली त्याच खात्याचे ते प्रमुख झाले आणि कपडे घालायला तेव्हाही माणूस लागतच होता.

ठाणे स्टेशनच्या जिन्यावर लोक चांगल्या मनानेच दंड धरून ओढतात आणि आपला तोल जातो, म्हणून मी आधीच मोठ्याने सांगतो, "दादा, मला धरू नका, तुमचा खांदा द्या, मी धरतो." भावाला हे घरी बोलून बोलून पाठ होऊ दे, बोलताना अडखळत असेल तर मोबाईलवर टाइप करून दाखवेल. अनोळखी माणसाला आपल्याला नेमकं काय हवंय ते न लाजता सांगता आलं की लीडरशिप सुरू झाली, असं माझं ठाम मत आहे.

परीक्षेला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज त्यालाच करू दे. तुम्ही सोबत जा पण मागे उभे राहा, क्लार्क तुमच्याकडे बघून बोलायला लागला की तुम्ही भावाकडे बघा, दोन मिनिटं अवघड वाटेल पण मध्ये बोलू नका प्लीज.

कॉलेजला रॅम्प नसेल तर अजून दोन-तीन दिव्यांग मुलांना गाठून त्याने प्राचार्यांना पत्र द्यावं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यताप्राप्त कॉलेजची इमारत सगळ्यांना वापरता येईल अशी करणं ही त्यांचीच जबाबदारी आहे.

आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), दिव्यांग दाखल्याच्या झेरॉक्स, बँकेचं पासबुक असलेली फाईल आईच्या कपाटात असेल तर आजच त्याच्या ताब्यात द्या.