तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : भोपळेवाल्यांचा अल्बम दोन तुकड्यांत का आला?

गेल्या अंकात पॉवर मेटलवर, म्हणजे हेवी मेटलच्या वेगवान, उंच आवाजाच्या प्रकारावर, छोटासाच मजकूर गेला होता, पण त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी नाटकांचं विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा.

प्रश्न : मी एसवायला आहे. होस्टेलवरचा एक सिनियर म्हणतो की पॉवर मेटल ऐकायचं तर हॅलोवीन बँडचा 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' ऐक, बाकी सगळं नंतर. शोधलं तर पार्ट वन, पार्ट टू आणि वरून अजून एक तिसरा. सुरुवात कुठून करू? आणि दोन भाग कशाला, पैसे काढायला का? (शिवाजीनगर)

पैशांचंच म्हणशील तर गोष्ट उलटी आहे रे. बँडला डबल अल्बमच काढायचा होता, नॉइज रेकॉर्ड्स ही त्यांची कंपनी नाही म्हणाली. आता कंपनीच्या खुर्चीत बसून बघ. हॅम्बुर्गची पोरं, १९८५ साली 'वॉल्स ऑफ जेरिको' हा पहिला पूर्ण अल्बम आलेला, त्यात काई हॅन्सन गिटारही वाजवतोय आणि गातोयही, दोन्ही एकदम करताना त्याचा जीव जातोय म्हणून नवा गायक आणलाय, मिखाएल किस्के, वय जेमतेम अठरा, बाहेर कोणी ओळखत नाही. आणि हे लोक म्हणतात की याच्या आवाजावर दोन एलपींचा जाडजूड अल्बम काढा, दुप्पट किमतीचा. कोण घेणार? मीही नाही म्हणालो असतो.

मग पार्ट वन आला १९८७ मध्ये आणि पार्ट टू १९८८ मध्ये. पहिला फक्त सदतीस मिनिटांच्या आसपास, आठ ट्रॅक, त्यातले पहिला आणि शेवटचा म्हणजे नुसती नांदी आणि निरोप. मधे हॅन्सनचं तेरा मिनिटांचं 'हॅलोवीन' हे गाणं बसलंय, म्हणजे एलपीच्या एका बाजूची निम्म्याहून जास्त जागा एकाच गाण्याने खाल्लीय. दुसरा भाग त्याहून बराच लांब. गंमत म्हणजे ज्या गाण्यावरून अल्बमचं नाव पडलं ते बँडचा दुसरा गिटारवाला वाइकाट याचं 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' पहिल्या भागात नाहीच, ते दुसऱ्याच्या शेवटाकडे आहे, तेही तेराच्या वर मिनिटांचं. म्हणजे १९८७ मध्ये ज्याने पैसे मोजून पहिला भाग घेतला त्याला सात किल्ल्या नेमक्या कसल्या ते कळायला वर्षभर थांबायला लागलं!

माझं मत विचारशील तर कंपनीचा हेकटपणा या अल्बमच्या पथ्यावर पडला. सगळं एकदम आलं असतं तर दीड तासाच्या त्या गर्दीत किस्केचा आवाज कोणी नीट ऐकलाच नसता. पहिला भाग छोटा म्हणून नेमका आहे, त्यात भरतीचं काही नाही. गाणी मात्र दुसऱ्यातली सरस आहेत, 'ईगल फ्लाय फ्री' ऐकलंस की पुढच्या तीस वर्षांतले निम्मे युरोपियन बँड कुठून निघाले ते कळतं, धावते ड्रम, वर उंच आवाज, मधे गिटार, बास, ड्रम सगळ्यांना आपापला सोलो आणि शेवटी सगळ्या स्टेडियमने गावा असा कोरस.

त्याच भागात हॅन्सनने लिहिलेलं 'आय वॉन्ट आउट' पण आहे आणि लिहिणारा खरंच थोड्याच महिन्यांत बँडमधून बाहेर पडला, गामा रे हा स्वतःचा बँड काढला. मागे राहिलेले ईएमआय या बड्या कंपनीकडे गेले, नॉइजशी कोर्टबाजी झाली, पुढचा अल्बम १९९१ उजाडेपर्यंत अडकला, तोवर हवा गेली ती गेलीच. १९९३ मध्ये किस्केही गेला. ड्रमर इंगो श्विख्टेनबर्ग १९९५ मध्ये गेला, तो मात्र कायमचा.

तिसरा जो दिसतोय तो २००५ चा, आंडी डेरिस गायक असतानाचा आणि तो बघ, डबल सीडी निघाला. तो राहू दे बाजूला. पहिला, मग दुसरा, शक्यतो एकाच बैठकीत, मग थेट २०२१ चा नुसता 'हॅलोवीन' नावाचा अल्बम ऐक, त्यात हॅन्सन आणि किस्के दोघेही परतलेत, डेरिसही आहे, सात जणांचा बँड, तीन गायक, आणि ड्रम वाजलेत ते इंगोच्या जुन्या किटवर. जर्मनीत तो थेट पहिल्या नंबरला गेला.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. त्याच्या टीशर्टवर दात विचकणारा भोपळा आहे आणि खोलीतून दिवसभर किंचाळण्याचे आवाज येतात. हे सैतानाबितानाचं काही नाही ना? अभ्यासावर परिणाम होईल का? (एक आई, कोथरूड)

काकू, भोपळा हा हॅलोवीन बँडचा ट्रेडमार्क आहे, त्यांच्या नावातल्या ओ-च्या जागी तो बसलेला असतो. सैतान या गाण्यांत येतो खरा, पण बहुतेक वेळा हरायला. पॉवर मेटल हा मेटलमधला त्यातल्या त्यात सात्त्विक भाग समजा, तलवारी, ड्रॅगन, अंधारावर उजेडाचा विजय, असलं सगळं. ब्लाइंड गार्डियन या क्रेफेल्डच्या बँडने १९९८ मध्ये टॉल्किनच्या 'सिल्मारिलियन'वर अख्खा अल्बम केला, स्वीडनच्या सॅबटनने २०१२ मध्ये आपल्या देशाच्या साम्राज्याचा चढ-उतार 'कॅरोलस रेक्स'मध्ये गायला आणि तो स्वीडिश आणि इंग्रजी दोन्हींत काढला. पोरगा इतिहासाचं पुस्तक उघडेल कदाचित. अभ्यासाचं काय, ते तुम्ही आणि तो बघून घ्या. आवाजासाठी हेडफोन आणा, पण बारीक आवाजात लावायला सांगा, कान एकदा गेले की परत येत नाहीत.

प्रश्न : मी सवाईला न चुकता जाणारा माणूस. नातवाने हे संगीत ऐकवलं. तो ड्रमवाला एवढा का पळतो? यात लय म्हणून काही आहे का, की नुसती घाई? (नारायण पेठ)

आजोबा, प्रश्न झकास आहे. लय आहे आणि फार कडक आहे. एकशेऐंशीच्या टेम्पोवर, म्हणजे मिनिटाला एकशेऐंशी मात्रा, ड्रमर दोन्ही पायांनी एका मात्रेत चार ठोके मारतो, म्हणजे सेकंदाला बारा, तेही चार-पाच मिनिटं न थांबता, एक पाय जरी मागे पडला तरी सगळी इमारत हलते. पण तुम्ही पुढच्या वेळी ड्रम सोडा आणि गायकाकडे कान द्या. विलंबित ख्यालात ठेका संथ असतो आणि त्यावर गायक ताना घेत पळतो, इथे बरोब्बर उलटं, ठेका पळत असतो आणि वर गायक चार-चार मात्रांचे लांब स्वर लावून निवांत उभा. कोरसला तर ड्रम तेवढेच वेगात असूनही गाणं अर्ध्या लयीत गेल्यासारखं वाटतं. म्हणून ते दमवत नाही, उलट उचलतं. ज्या बँडना हे कळत नाही त्यांची नुसती घाई होते, तुमचा शब्द अगदी बरोबर आहे, आणि असे बँड ढिगाने आहेत.

अजून एक. यांच्या गिटारवाल्यांची एक लाडकी स्वरपट्टी आहे, ग आणि ध कोमल, नी शुद्ध. म्हणजे आपला किरवाणीच की! नातवाला सांगा गिटारवर तो सोलो हळू वाजव, आणि तुम्ही सोबत गाऊन बघा. घरात मजा येईल.

प्रश्न : कीपरची जुनी एलपी पुण्यात कुठे मिळेल? (वानवडी)

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारायला काहीच हरकत नाही, पण तिथे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्ड मिळतील, जर्मन मेटल मिळालं तर नशीब थोर. ऑनलाइन घेताना लेबलच्या भोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला नंबर मागा, त्यावरून मूळ प्रत की नंतरची छपाई ते कळतं. ऐकायलाच हवी असेल तर नंतरची घ्या, स्वस्त पडते, उगाच मूळ-मूळ करत बसू नका.

प्रश्न : आमचा चौघांचा बँड आहे. घरीच बारा गाणी रेकॉर्ड केलीत, एकूण सत्तर मिनिटं. सगळी एकदम टाकावीत का? रिलीज कसं करतात, कुठे कोणाला भेटायचं असतं का? (निगडी)

कोणाला भेटायचं नसतं, तो काळ गेला. पण त्या काळातली एक गोष्ट चांगली होती. एलपीच्या एका बाजूला साधारण बावीस मिनिटंच नीट मावायची, जास्त कोंबलं की आवाज बारीक व्हायचा, त्यामुळे चाळीस-चव्वेचाळीस मिनिटांत आटपावंच लागायचं आणि नको ती गाणी आपोआप गळायची. तुम्हाला नाही म्हणणारी कंपनी नाहीये, मग ते काम तुम्हीच करा. सत्तर मिनिटं कोणी ऐकणार नाही, तुमचे मित्रसुद्धा. आठ गाणी ठेवा, उरलेली चार पुढच्या वर्षी ईपी, म्हणजे छोटा अल्बम, म्हणून काढा. आणि कुठली चार काढायची हे बँडमध्ये मतदानाने ठरवू नका, भांडणं होतील. बाहेरच्या एका कडू माणसाला ऐकवा.

मग मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यांच्या आवाजावरचा शेवटचा हात. आवाज फोडून मोठा करायचा मोह आवरा, स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे चौदा एलयूएफएसवर (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, तुम्ही भिंतीसारखं दाबून दिलंत तर ते फक्त खाली ओढलं जाणार आणि ड्रमचा दणका मात्र गेलेला असणार. पॉवर मेटलमध्ये दोन पायांचे ठोके सुटे-सुटे ऐकू आले पाहिजेत, त्याचा चिखल झाला की संपलं.

गाणी सगळीकडे चढवायला ऑनलाइन डिस्ट्रिब्यूटर लागतो, डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर वगैरे. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी कोड, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो, तो बहुतेक डिस्ट्रिब्यूटरच देतात. चाली आणि शब्द ज्यांचे आहेत त्यांनी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळवून देणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यायचं बघा, आणि कुठलं गाणं कोणाचं, कोणाचा किती वाटा, हे आत्ताच, मैत्री आहे तोवरच, कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. वर हॅलोवीनचं वाचलंत ना? बँडचे करार गोडीत असतानाच करायचे असतात. थेट विक्रीसाठी बँडकँप बरं, ते डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के घेतात, टीशर्टवर दहा.

तारीख शुक्रवारची ठेवा, २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारीच येतात. सगळ्या फायली तीन-चार आठवडे आधी द्या, आणि स्पॉटिफायवर एक गाणं रिलीजच्या निदान सात दिवस आधी पिच करा (त्यांच्या प्लेलिस्टवाल्यांना सुचवा), म्हणजे फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत ते येतं. तेरा मिनिटांचं महाकाव्य असेल तर ते पिच करू नका, चार मिनिटांचं कोरसवालं करा, महाकाव्य ज्यांना हवंय ते शोधत येतील. गिग त्याच आठवड्यात ठेवायचा तर आधी हॉल, मग तारीख, आणि ड्रमरची नाइट शिफ्ट आहे का ते त्या दोन्हींच्या आधी विचारा.