सणाला गावी गेले की मुलगे हाताबाहेर का जातात?

श्रावण लागला की माझ्याकडे एकाच प्रकारची तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांची संख्या वाढते. एरवी घरी बऱ्यापैकी वागणारे मुलगे गणपतीला किंवा दिवाळीला सगळे नातेवाईक जमले की उलट उत्तरे देतात, चुलत-आते भावंडांशी मारामाऱ्या करतात, नको तिथे चढतात आणि नको तिथून उड्या मारतात, किंवा याच्या अगदी उलट मोबाईल घेऊन एखाद्या कोपऱ्यात बसून राहतात. मग चारचौघांत आईवडिलांचे, त्यातही आईचे, ‘वळण लावणे’ निघते. अशा वेळी मुलांना आवरावे कसे, हा त्यांचा प्रश्न असतो. काही काळापूर्वी एका कुटुंबाबरोबर केलेल्या कामाच्या आधारे त्याचे उत्तर देते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

हे कुटुंब ठाणे जिल्ह्यात राहणारे, मूळचे सिंधुदुर्गातले. थोरला मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. धाकटा नऊ वर्षांचा, चौथीत. गावच्या घरी अकरा दिवसांचा गणपती असतो आणि मुंबई-पुण्याकडची बिऱ्हाडे चतुर्थीपर्यंत एकाच छपराखाली येतात. आई पहिल्यांदा एकटीच आली. “मॅडम, गणपती मला हवा असतो, गावही हवं असतं. पण रेल्वेचं आरक्षण झालं की माझ्या पोटात गोळा येतो,” असे म्हणून त्यांनी मागच्या वर्षीची हकिगत सांगितली.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीच्या वेळी मोठ्या काकांनी थोरल्याला पुढे ओढून आरती म्हणायला लावली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हाच मुलगा खणखणीत आवाजात आरती म्हणत असे. या वेळी दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज चिरकला, पुढच्या ओळीला एकदम खाली घसरला, आणि सगळी ओटी हसली. तो टाळ खाली टाकून मागच्या पडवीत गेला, तो जेवायलाही आला नाही. वडील मागोमाग गेले, मोबाईल हिसकावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने बरोबरीच्या भावंडांना घेऊन साकव, म्हणजे छोटा पूल, सोडून भरलेल्या व्हाळातून (ओढ्यातून) पलीकडे जाण्याची पैज लावली. धाकट्याने गोठ्याजवळ लवंगी माळ पेटवली आणि बुजलेल्या गाईने दावे तोडले. आजी एवढेच म्हणाल्या, “पोरांका वळण म्हणून नाय.” ते वाक्य या बाईंच्या मनात वर्षभर रुतून बसले होते.

मुलगा एखाद्या घरी जायला टाळतो किंवा तिथे गेल्यावर एकदम मिटतो, असे कुणी सांगितले की इतर कशाच्याही आधी मी एक चौकशी करते, आणि ती मुलग्यांच्या बाबतीतही तितक्याच काटेकोरपणे करते: तो सगळ्यांनाच टाळतो की एखाद्याच माणसाला? सणाच्या गर्दीत मुले कुणाच्याही शेजारी झोपतात, कुणाबरोबरही दुकानात जातात, आणि ‘मुलग्याला काय होणार आहे’ हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारासंबंधीचा 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही, तो उगाच नव्हे. थोरल्याशी एकट्याने बोलल्यावर इथे तसे काही नाही याची मला खात्री पटली. त्याला राग होता तो काकांचा, वडिलांचा आणि स्वतःच्या गळ्याचा.

गळ्याचा विषय आम्ही दोघांनी सविस्तर बोलून घेतला, कारण घरात तो कुणीच काढला नव्हता. वयात येताना मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने मोठे होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि त्यांच्यावरचा जुना ताबा काही महिने सुटतो; म्हणून आवाज मध्येच चिरकतो आणि मध्येच खर्जात जातो. बहुतेक मुलग्यांत हे बारा ते पंधराच्या दरम्यान घडते आणि आपोआप स्थिरावते. मुलींच्या वयात येण्याबद्दल निदान आई किंवा मावशी चार शब्द बोलते. मुलग्यांच्या वाट्याला बहुधा चेष्टाच येते, मिसरूड फुटल्याची, आवाजाची, अचानक वाढलेल्या उंचीची आणि त्या उंचीला लागणाऱ्या जेवणाची. पाचव्या मोदकाला ‘आता पुरे’ म्हणणारी आत्या आणि ‘अजून लहान आहे, मोठ्यांच्या पंगतीला कशाला’ म्हणणारी काकू एकाच स्वयंपाकघरात असतात. या वयाच्या मुलाला सणाच्या घरात नक्की जागा नसते. लहानांच्या खेळात तो घोडा ठरतो आणि पुरुषांच्या गप्पांत पोर.

व्हाळाच्या पैजेबद्दल वडील फार संतापले होते. “इथे रस्ता ओलांडताना दोनदा बघणारा मुलगा तिथे असा कसा वागतो?” असे ते पुन्हा पुन्हा विचारत. याचे उत्तर बरेचसे ‘तिथे’ या शब्दातच आहे, कारण तिथे पाहणारे असतात. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेरा ते सोळा वर्षांची मुले, महाविद्यालयीन तरुण आणि चोविशीपुढची माणसे यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता, काहींना एकट्याने आणि काहींना मित्रांच्या देखत. मित्र पाहत असताना किशोरांनी पत्करलेला धोका खूप वाढला, तरुणांचा त्याहून कमी वाढला, आणि मोठ्या माणसांत असा फरक दिसला नाही. आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ज्याची फजिती झाली, तो मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच भावंडांसमोर काहीतरी भरून काढू पाहत होता. याने पैज समर्थनीय ठरत नाही. पण वडिलांनी पडवीत जो सूर लावला, त्याने पैजेला बळच मिळाले, हे त्यांना पटवणे मला आवश्यक वाटले.

दुसऱ्या भेटीत मी आईवडील दोघांनाही एक काम दिले. गावच्या घराचा आराखडा काढायचा आणि सणात कोण कुठे बसते, कोण कुणाला काय सांगते, कुणाचा शब्द अखेरचा असतो, ते त्यावर लिहायचे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांच्या विचारपद्धतीशी जुळणारा हा प्रकार आहे. दोन माणसांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते, हे त्यांचे एक मुख्य प्रतिपादन. वडिलांनी आराखडा काढला तेव्हा त्यांचे स्वतःचे नाव ओटीच्या कडेला, दाराजवळ आले. मोठ्या भावासमोर ते आजही ‘बाळू’ होते. पैशांचा हिशेब, छपराची दुरुस्ती, भटजींशी बोलणे यांपैकी काहीच त्यांच्याकडे नव्हते. मोठा भाऊ मुलांबद्दल बोलला की त्याला उत्तर देण्याऐवजी ते मुलाच्या अंगावर धावून जात, कारण त्या घरात त्यांची सत्ता चालेल अशी माणसे एवढीच होती. हे मी त्यांना सांगितले नाही. कागदाकडे बराच वेळ पाहून ते स्वतःच म्हणाले, “म्हणजे दादाचा राग मी पोरावर काढतो.” बाईंनी खिडकीबाहेर पाहिले, मला वाटते, त्यांना हे लग्नापासून माहीत असावे.

यानंतरचे काम तुलनेने सोपे होते आणि त्यात मानसशास्त्रापेक्षा व्यवहार जास्त होता. आधी झोपेचे पाहिले. दरवर्षी हे कुटुंब रात्रभर प्रवास करून चतुर्थीच्या पहाटे पोहोचत असे, लगेच पूजेची धांदल, रात्री भजने. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या 2016 च्या शिफारशीनुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. धड झोप न झालेल्या लहान मुलाने गोठ्याजवळ फटाके लावले, यात संस्कारांचा भाग किती आणि झोपेचा किती, हे ठरवणे कठीण आहे. या वेळी त्यांनी दोन दिवस आधीची तिकिटे काढली, आणि धाकट्याने एक भजन ऐकून आतल्या खोलीत झोपायला जायचे असे त्याच्याशीच बोलून ठरवले.

नियमांचीही छाटणी केली. वडिलांनी आणलेल्या यादीत ‘मोठ्याने हसू नये’ इथपर्यंत सगळे होते. त्यातून आम्ही फक्त पाणी, आग आणि गुरे ठेवली: मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय व्हाळावर जायचे नाही, फटाके अंगणातच, गोठ्यात आजोबांना विचारून. गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) चालणे, पेरूच्या झाडावर चढणे, चिखलात लोळून घरी येणे हे सगळे मोकळे सोडले. गुडघे फुटतात आणि भरूनही येतात. सुट्टीतले साहस पूर्ण बंद केले तर मुलगे ते चोरून करतात, आणि चोरून केलेल्या साहसात मदतीला हाक मारायचीही सोय उरत नाही.

थोरल्याला मी विचारले, गणपतीत तुला खरोखर काय करायला आवडेल? त्याला माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायची होती. हे काम दरवर्षी धाकटे काका करत आणि मुलांना फक्त ‘हे धर, ते दे’ एवढेच मिळे. वडिलांनी या काकांना आधीच फोन करून ठेवला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी काका-पुतण्या रानातून हरणे, कवंडळे आणि तेरडा ही रानटी फुले-फळे घेऊन आले, सुपारीचे घड आणि नारळ त्याने स्वतः बांधले, आणि एक नारळ सैल बसला तेव्हा काकांनी तो स्वतः न आवळता त्यालाच पुन्हा शिडीवर चढवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, मूर्ती आणतानाही तो बरोबर होता. शेताच्या मेरेवरून काका मूर्ती डोक्यावर घेऊन चालत असताना पुढे राहून निसरडी जागा दाखवणे हे त्याचे काम होते. आरतीला त्याने झांज धरली. गायचे की नाही हे तोच ठरवेल, असे वडिलांनी मोठ्या भावाला आधीच, एकांतात सांगितले होते. मुलांना द्यायच्या कामाबद्दल माझे मत ठाम आहे: ते न झाल्यास घराचे खरोखर अडले पाहिजे. गुंतवून ठेवण्यापुरते दिलेले काम मुलगे पाच मिनिटांत ओळखतात. धाकट्याकडे भजनी मंडळींना खिरापत वाटण्याचे काम होते आणि कुणाला राहून गेले तर ते लोक त्यालाच हाका मारत होते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. गौरीच्या दिवशी पुण्याच्या चुलत भावाशी चार्जरवरून थोरल्याची हातापायी झालीच. वडील उठले, पण आमच्यात ठरल्याप्रमाणे ओटीवर न बोलता त्याला विहिरीकडे घेऊन गेले आणि तिथे जे बोलायचे ते बोलले. मोठे काका ओटीवरून म्हणाले, “आमच्या वेळी एक मुस्कटात दिली असती.” यावर बाईंनी, आम्ही सरावाने बसवलेले वाक्य म्हटले, “हो भाऊजी, ते बोलताहेत त्याच्याशी.” एवढेच. नातेवाइकांना बालमानसशास्त्र समजावून सांगण्याच्या भानगडीत सणाच्या दिवसांत पडू नये असा माझा सल्ला असतो. वाद जिंकला तरी जेवण कडू होते. आजींचे मत बदलले का, याची मी चौकशी केली नाही.

अशीच तक्रार असलेल्या पालकांसाठी एक फरक सांगणे भाग आहे. मुलगा फक्त नातेवाइकांच्या गर्दीत बिघडत असेल, तर वर लिहिलेले बहुधा पुरते. परंतु शाळा, मित्र, आवडीचा खेळ यांतूनही तो दोन-तीन आठवडे अंग काढून घेत असेल, झोप आणि भूक बदलली असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर सणाची वाट न पाहता तज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, तिथे मराठीतही बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत.

गणपतीनंतर पतीपत्नी एकदा येऊन गेले. तेव्हा त्यांच्यापुढे नवाच प्रश्न होता. थोरल्याला पुढच्या वर्षी माटवीसाठी काकांबरोबर आठवडाभर आधी गावी जायचे होते, त्यात शाळेची चाचणी येत होती, आणि आईचा जीव होत नव्हता. यावर मी मत दिले नाही. काकांना फोन लावून तिघांनी एकत्र बोलावे, आणि चाचणीचे काय करायचे ते थोरल्याने स्वतः वर्गशिक्षकांना विचारून यावे, असे सुचवले.